बहात्तराव्या रकान्यापलीकडे

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तळाशी कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला, घडीवर घडी घातलेला कागद निघाला. त्यावर मी एम.ई.ला असताना लिहिलेला प्रोग्रॅम छापलेला होता. बंधाऱ्यामागे पाण्याचा फुगवटा कुठवर जातो हे नदीच्या एकेका छेदावर काढत जाणारा तो फोर्ट्रान प्रोग्रॅम होता. पंचकार्डांचा गठ्ठा केव्हाच गेला. लिस्टिंग आणि त्याला जोडलेली उत्तरांची पानं तेवढी राहिली होती. जामनेरात कांग नदीच्या काठी वाढलो, तिचे पूर लहानपणी पाहिले, म्हणूनच तो विषय निवडला होता.

पुतण्याचा मुलगा जळगावला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “आबा, हे आता चालायचं नाही. पायथॉनमध्ये नवीन लिहून टाकू.” मी म्हटलं, आधी आहे तसं चालवून पाहू. त्याने टाइप केलं, मी शेजारी बसून वाचून दाखवलं. आठ संध्याकाळी गेल्या. त्या काळात त्याच्याकडून आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून फोनवर बरेच गैरसमज ऐकले. दोन-तीन माझे स्वतःचेही होते. ते सगळे एकदा नीट लिहून ठेवतो.

गैरसमज: फोर्ट्रान संपलेली भाषा आहे.

आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली आयबीएम ७०४ या यंत्रासाठी पहिला फोर्ट्रान कंपायलर दिला. त्यानंतर १९६६ आणि १९७७ची मानकं आली, मग ९०, ९५, २००३, २००८, २०१८, आणि सगळ्यांत ताजं २०२३चं. संपलेल्या भाषेची मानकं निघत नाहीत.

पण मानकांपेक्षा जवळचा दाखला आपल्या शेतातच आहे. जूनमध्ये कपाशीचं बी टाकायचं की थांबायचं, हे जामनेरचा शेतकरी आभाळाकडे पाहून ठरवतो, तसंच मोबाईलवरचा अंदाज पाहूनही ठरवतो. तो अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झाली आणि २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झाली. आधीचं मॉडेल साधारण १२ किलोमीटरच्या चौकटीत हवामान मोजायचं, हे ६ किलोमीटरच्या चौकटीत मोजतं. ते संस्थेच्या ‘अर्क’ या महासंगणकावर चालतं. त्या मॉडेलच्या पोटात हवेचा प्रवाह, ढग, पाऊस, जमिनीची ऊब यांचं जे गणित आहे, ते मुख्यतः फोर्ट्रानमध्ये लिहिलेलं आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या हवामान मॉडेलांचंही तसंच आहे. पायथॉन वापरणाऱ्यालाही रेषीय समीकरणं सोडवायची झाली, की हाक बहुधा शेवटी लॅपॅक या फोर्ट्रानमध्ये वाढलेल्या संग्रहाच्या दारातच जाते. पुतण्याच्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या कॉलेजात कुणी सांगितलं नाही याचं मला खरोखर वाईट वाटलं.

गैरसमज: जुना कोड नव्या कंपायलरवर चालतच नाही, सगळा नव्यानं लिहावा लागतो.

आमच्याकडे २०२०पर्यंत पाचोऱ्याहून जामनेरला छोटी गाडी यायची, लोक तिला पीजे म्हणत. अडीच फुटी रूळ. तिचे डबे ब्रॉडगेजवर नेता येत नसत, पाचोऱ्याला उतरून गाडी बदलावी लागे. जुन्या कोडबद्दल लोकांच्या मनात हेच चित्र असतं: गेज वेगळं, म्हणजे डबे मोडीत काढा.

फोर्ट्रानचं तसं नाही. १९९०च्या मानकाने ७७मधलं काहीही काढून टाकलं नाही. १९९५मध्ये थोड्या गोष्टी वगळल्या: पॉज, असाइन केलेला गोटू, अपूर्णांकी चलावर फिरणारा डू-लूप. वजाबाकीचं उत्तर ऋण, शून्य की धन यावर तीन वाटांनी जाणारा जुना ‘इफ’ थेट २०१८मध्ये वगळला. आणि मानकाने वगळलं तरी कंपायलर सहसा सोडत नाही. आम्ही वापरलेल्या जीफोर्ट्रान या कंपायलरला आमच्या प्रोग्रॅममधले तेरा तीनवाटी ‘इफ’ दाखवले, त्याने प्रत्येकावर ‘हे वगळलेलं वैशिष्ट्य आहे’ असा इशारा दिला आणि मुकाट्याने भाषांतर केलं. कंपायलरला ‘लेगसी’ मानक लावलं की ते इशारेही थांबतात.

खरा घोळ रकान्यांचा असतो, आणि तिथे थोडं थांबायला हवं. पंचकार्डावर ८० रकाने. पहिले पाच ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा ‘मागची ओळ पुढे चालू’ हे सांगायला, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत मजकूर. ७३ ते ८० कंपायलर वाचतच नसे, तिथे कार्डाचा अनुक्रमांक टाकायचा, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तरी पुन्हा लावता येई. हा ७२चा आकडा आला कुठून? आयबीएम ७०४चा शब्द ३६ बिटांचा होता, आणि कार्ड-वाचक कार्डाच्या एका आडव्या ओळीतून असे दोन शब्द भरेल एवढंच वाचायचा. म्हणजे ७२. एका यंत्राच्या तारांची मर्यादा भाषेच्या व्याकरणात जाऊन बसली आणि ते यंत्र संपल्यावरही तिथेच राहिली.

आता पाहा. मुलाने एक ओळ टाइप करताना सुरुवातीला दोन मोकळ्या जागा जास्त सोडल्या. ओळीचा शेवट ७४व्या रकान्यावर गेला. शेवटच्या पाच अक्षरी नावातली दोन अक्षरं कुंपणाबाहेर पडली आणि कंपायलरला एक तीन अक्षरी नाव दिसलं. त्या नावाचं चल कुठेच नव्हतं. पण फोर्ट्रानमध्ये चल आधी जाहीर केलंच पाहिजे असं नाही. नाव आयपासून एनपर्यंतच्या अक्षराने सुरू झालं तर पूर्णांक, नाहीतर अपूर्णांक, हा मूळ नियम. तेव्हा कंपायलरने नवं चल निर्माण केलं, त्यात जे काही पडलेलं होतं ते बेरजेत धरलं आणि एक शब्द बोलला नाही. पूर्ण इशाऱ्यांचा ‘वॉल’ पर्याय दिल्यावरच त्याने सांगितलं की ओळ छाटली गेली आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: स्थिर रकान्यांच्या फाइलला ‘डॉट एफ’ हेच शेपूट ठेवा, ‘डॉट एफ ९०’ नको. टॅब वापरू नका. आणि सगळे इशारे पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ‘इम्प्लिसिट नन’ लावून प्रत्येक चल जाहीर करायला भाग पाडलं, तर लिस्टिंगवरून टाइप करताना शून्याच्या जागी पडलेला ‘ओ’ आणि एकाच्या जागी पडलेला ‘आय’ही सापडतो. आम्हाला असे चार सापडले.

गैरसमज: नवा कंपायलर उगाच कडक आहे, जुना बरा होता.

हा माझाच होता. मुख्य प्रोग्रॅम एका उपप्रोग्रॅमला अपूर्णांकांचा ॲरे देत होता आणि तो त्याला पूर्णांकांचा समजून वापरत होता. जागा वाचवण्यासाठी एकच ॲरे दोन कामांना वापरायची तेव्हा सर्रास रीत होती. जीफोर्ट्रानने ते नाकारलं. मी म्हटलं, हे इतकी वर्षं चालत आलंय.

नियम मात्र तेव्हाही हाच होता. ६६ आणि ७७ या दोन्ही मानकांत दिलेल्या आणि घेतलेल्या किमतींचा प्रकार जुळायला हवा होता. जुना कंपायलर प्रत्येक उपप्रोग्रॅम सुटा भाषांतरित करायचा. एका खोलीत काय चाललंय ते दुसऱ्या खोलीत दिसत नव्हतं, म्हणून तो गप्प होता. जीफोर्ट्रान ज्या संचाचा भाग आहे त्या जीसीसीच्या २०२० साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून एकाच फाइलमधली अशी विसंगती एरर ठरते. तातडीने पुढे जायचं असेल तर ‘अलाव आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा पर्याय त्या एररचा इशारा करून देतो. जगभरच्या कितीतरी जुन्या वैज्ञानिक संग्रहांनी त्या वर्षी तोच आधार घेतला. आम्हीही घेतला, पण चौथ्या संध्याकाळी दोन वेगळे ॲरे करून तो काढून टाकला. आजच्या लॅपटॉपवर तेवढ्या जागेची काटकसर करायला काही कारण उरलेलं नाही.

गैरसमज: एरर संपल्या, म्हणजे काम झालं.

इथे मात्र हात जोडून सांगावंसं वाटतं. एरर संपतात तिथे कामाचा सोपा भाग संपतो.

माझ्या प्रोग्रॅममध्ये छेदांची माहिती देणारा एक उपप्रोग्रॅम होता. पहिल्यांदा हाक मारली की तो तक्ता वाचायचा आणि ‘वाचून झालं’ अशी खूण स्वतःच्याच एका चलात ठेवायचा. दुसऱ्या हाकेला खूण पाहून थेट उत्तर द्यायचा. जुन्या यंत्रांवर हे चालायचं, कारण उपप्रोग्रॅमच्या चलांना मेमरीत कायमची जागा असे. बाहेर जाऊन परत या, सामान जागच्या जागी. आजचे कंपायलर लहान चलांना तात्पुरती जागा देतात. उपप्रोग्रॅम संपला की ती जागा दुसऱ्याला मिळते. खूण पुसली गेली. गंमत म्हणजे वेगासाठीचा पर्याय न लावता प्रोग्रॅम बरोबर चालला, तो लावला की भलतंच उत्तर आलं. असं झालं की लोक कंपायलरला दोष देतात. मानकाने मात्र ‘सेव्ह’ लिहिलं असेल तरच चल टिकेल, अशी हमी ७७मध्येच देऊन ठेवली होती. आम्ही ते एक ‘सेव्ह’ लिहिलं. फाइल मोठी असेल आणि कुठे कुठे असं केलंय हे ठाऊक नसेल, तर ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ हा पर्याय सगळ्याच चलांना कायमची जागा देतो. न भरलेली चलं शून्य धरणारा ‘इनिट लोकल झीरो’ही आहे. पण निदान करताना मी उलट करायला सांगेन: त्यांच्यात मुद्दाम ‘ही संख्याच नाही’ असं मूल्य भरा आणि त्यावर गणित झालं की प्रोग्रॅम थांबेल असा सापळा लावा. म्हणजे दोष झाकला न जाता जागेवर सापडतो.

६६च्या काळचा कोड असेल तर डू-लूपही पाहावा. तेव्हाचे बरेच कंपायलर लूप किमान एकदा फिरवायचे, शेवट सुरुवातीपेक्षा लहान असला तरीही. ७७पासून असा लूप एकदाही फिरत नाही.

ॲरेची हद्द तपासणारा पर्यायही लावा. त्यात एक गोष्ट लक्षात असू द्या. जुन्या लोकांनी उपप्रोग्रॅममध्ये येणाऱ्या ॲरेचा आकार नुसता १ लिहून ठेवलेला असतो. ‘आकार बाहेर ठरलाय’ एवढाच त्याचा अर्थ. हद्द तपासणाऱ्याला तो अर्थ कळत नाही, तो दुसऱ्याच घटकाला प्रोग्रॅम थांबवतो. त्या १च्या जागी तारांकन टाकायचं, ७७ने हीच सोय त्यासाठी दिली आहे.

गैरसमज: उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळलं नाही, तर भाषांतर चुकलं.

अपूर्णांक कसा साठवायचा याचं सर्वमान्य मानक १९८५ साली आलं. त्याआधी यंत्रागणिक रीत वेगळी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातल्या संस्थांची गणितं तिथे होऊ लागली. त्याचा शब्द ४८ बिटांचा, त्यातले ३६ बिट अंकांसाठी. म्हणजे साधा ‘रिअल’ लिहिला तरी दहा-अकरा दशांश अंक भरवशाचे. आज साधा ‘रिअल’ ३२ बिटांचा असतो, त्यात जेमतेम सात अंक.

याचा परिणाम फुगवट्याच्या गणितात पाहू. समजा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २५० मीटर आहे. ३२ बिटांत २५०च्या शेजारची पुढची संख्या ०.०१५ मिलिमीटरवर आहे, त्यामधलं काही साठवताच येत नाही. प्रोग्रॅममध्ये लिहिलंय की दोन फेऱ्यांमधला फरक ०.००१ मिलिमीटरपेक्षा कमी झाला की थांब. सीडीसीवर तो निमूट थांबला असता. आज तो दोन शेजारच्या संख्यांमध्ये हेलकावे खात रात्रभर फिरू शकतो. यात कोडचं व्याकरण कुठेच चुकलेलं नाही.

उपाय म्हणून सगळे ‘रिअल’ एका पर्यायाने ६४ बिटांचे करता येतात. बहुतेक वेळा ते योग्यच. पण ‘डबल प्रिसिजन’ लिहिलेली चलं त्यासोबत आणखी दुप्पट होतात, तेव्हा त्यांना जागेवर ठेवणारा जोडीचा पर्यायही द्यावा लागतो. आणि कॉमन किंवा इक्विव्हॅलन्समध्ये पूर्णांक आणि अपूर्णांक एकाच जागेत बसवले असतील, तर ती बसवणूक विस्कटते. तसंच अक्षरांचं. सीडीसीच्या एका शब्दात सहा-बिटी आठ अक्षरं मावत, आजच्या ३२ बिटांत चार. नदीचं नाव एका शब्दात कोंबलेलं असेल तर ते अर्ध्यावर तुटून छापलं जातं. असे ॲरे हाताने ‘कॅरेक्टर’मध्ये बदलावेत, पर्यायांवर सोडू नयेत.

मग जुळणं कशाला म्हणायचं? ते विषयाने ठरवायचं. नदीच्या पातळीत मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, कारण तळाचा खडबडीतपणा आपल्याला दुसऱ्या अंकापुढे माहीतच नसतो. दोन सेंटिमीटरचा फरक मी सोडत नाही.

गैरसमज: वर्षानुवर्षं वापरात असलेला कोड निर्दोष असतो.

सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवाहाचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र पाठ असतं. त्यात जलीय त्रिज्येचा दोन-तृतीयांश घात आहे. फोर्ट्रानमध्ये कंसात नुसतं २/३ लिहिलं तर दोन पूर्णांकांचा भागाकार होतो आणि उत्तर शून्य येतं. कुठल्याही संख्येचा शून्य घात एक. वेग चुकतो, प्रोग्रॅम मात्र चालतो. शिकवायला लागल्यावर मी ही चूक विद्यार्थ्यांच्या वह्यांत दर वर्षी पाहिली. ती लपते कशी, हे समजून घ्यावं असं आहे. त्रिज्या एक मीटरच्या आसपास असेल तर खरा घातही एकच्या आसपास असतो. ०.९ मीटरला खरं उत्तर ०.९३, चुकीचं १. कुणाला शंका येत नाही. त्रिज्या दोन मीटर झाली, म्हणजे नेमकी पुराच्या वेळी, की १.५९च्या जागी १ येतो. ज्या दिवसासाठी प्रोग्रॅम लिहिला, त्याच दिवशी तो सर्वांत जास्त चुकतो. जीफोर्ट्रान ‘वॉल’ दिल्यावर हा भागाकार बोट ठेवून दाखवतो. जुना कोड नव्या कंपायलरसमोर ठेवायचं माझ्या लेखी हे सर्वांत मोठं कारण आहे, मग तो जुन्या यंत्रावर अजून चालत असला तरी.

गैरसमज: यासाठी महागडं सॉफ्टवेअर आणि मोठा संगणक लागतो.

जीफोर्ट्रान मोफत आहे, इंटेलचा आयएफएक्सही मोफत मिळतो, आणि एलएलव्हीएमचा फ्लँग आता वापरण्याजोगा झाला आहे. आम्ही मुलाच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून सगळं केलं. दोन वेगळ्या कंपायलरांतून कोड काढावा, एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं.

गैरसमज: चालू झाला ना, आता पायथॉनमध्ये किंवा एआयकडून बदलून घ्या.

बदलायला माझी हरकत नाही. पण आधी मूळ कोड चालायला हवा आणि त्याची जुनी उत्तरं हाताशी हवीत. नाहीतर नवं बरोबर आहे की नाही हे कशाशी ताडणार? यंत्राने केलेलं भाषांतर दिसायला स्वच्छ असतं. लूप किमान एकदा फिरायचा होता, चलाने किंमत धरून ठेवायची होती, या न लिहिलेल्या गोष्टी मात्र त्यात गळून पडू शकतात. शिवाय गणित पक्कं असलेला फोर्ट्रान उपप्रोग्रॅम आहे तसा ठेवून एफ-टू-पाय या साधनाने पायथॉनमधून हाक मारता येते. चित्रं आणि आलेख पायथॉनला काढू द्या.

आमच्या बाबतीत आठव्या संध्याकाळी दहा छेदांची उत्तरं जुन्या कागदाशी लावली. नऊ छेद तिसऱ्या दशांशापर्यंत जुळले. दहाव्यावर दोन सेंटिमीटरचा फरक. मुलाने सगळे पर्याय उलटसुलट करून पाहिले, अचूकता वाढवली, वेगाचा पर्याय काढला, फरक हलला नाही. मग मी त्या छेदाची माहिती असलेलं पान उजेडात धरलं. रिबन फिकी पडलेली असताना छापलेलं पान, खडबडीतपणाचा गुणांक आम्ही ०.०३८ वाचला होता. शेजारी समासात, हाताने ताळा करताना पेन्सिलीने लिहिलेलं माझंच अक्षर होतं: ०.०३३. तो आकडा घातला आणि दहावा छेदही जुळला.

मुलाने फाइलच्या सुरुवातीला, पहिल्या रकान्यात ‘सी’ घातलेल्या ओळींत, कंपायलरची आवृत्ती, वापरलेले पर्याय आणि आम्ही बदललेल्या सात जागा लिहिल्या. मग समासासकट त्या पानाचा फोटो काढून फाइलशेजारी ठेवला.